वाळूवरची चार वळणं

ज्या फळ्यांवर मी सांडगे वाळत घातले त्या बर्फावरून घसरत जायच्या फळ्या आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही नवराबायको तेव्हा दोह्यात एका स्विस साहेबांकडे कामाला होतो. साहेबांना ड्रायव्हर आणि घरकामाला बाई अशी जोडीच हवी होती, म्हणून मला तिकडे जायला मिळालं. नाहीतर आमच्या गावाकडचे पुरुष एकेकटेच राहायचे. अल सद्दला साहेबांचा बंगला होता. आजूबाजूला अजून बरीच मोकळी जागा होती आणि जिकडे बघाल तिकडे नवी बांधकामं. मागच्या अंगाला आम्हाला एक खोली दिलेली होती. आमचे हे हिंदी बोलायचे, कामापुरती इंग्रजी बोलायचे आणि अरबीचेही चार शब्द फेकायचे. मी चौथी शिकलेली. मराठीसुद्धा मोजून बोलायची. मॅडम काही बोलल्या की मी मान हलवायची आणि मग ह्यांना विचारायची, मी आत्ता कशाला हो म्हटलं.

एका हिवाळ्यात मॅडमचे वडील राहायला आले. हे त्यांना विमानतळावरून घेऊन आले तेव्हा गाडीच्या टपावर एक लांबलचक गाठोडं बांधलेलं होतं. त्यातून दोन लाकडी फळ्या निघाल्या. माणसाहून उंच, चार बोटं रुंद, पुढचं टोक वर वळलेलं. त्या बघून मॅडमचं तोंड उतरलं. बापाशी त्या त्यांच्या भाषेत काहीतरी कडक बोलल्या आणि मला खूण केली, गच्चीवरच्या खोलीत टाक. मी टाकल्या.

आठवड्यानं मी मुगाचे सांडगे करायला घेतले. तिकडचं हिवाळ्यातलं ऊन सांडग्यांना फार चांगलं, वाळवतं पण करपवत नाही. फक्त वाऱ्याबरोबर वाळू येते, आणि खाली काही वाळत घातलं की मग ते दाताखाली कचकचतं. उंचावर ठेवायला काहीतरी हवं होतं. मला त्या फळ्या आठवल्या. धुतल्या, पुसल्या, दोन खुर्च्यांवर आडव्या, पालथ्या टाकल्या. त्यांच्या खालच्या बाजूला मधोमध एक लांब खाच होती. त्या खाचेवर सांडगा इतका नीट बसत होता की मला वाटलं, यांच्याकडेही असलंच काहीतरी वाळवत असतील. दोन फळ्यांवर दोन सरळ ओळी घातल्या आणि हात धुवायला वळले, तर दारात म्हातारबाबा उभे.

ते फळ्यांपाशी आले. वाकून बघितलं. एक ओला सांडगा उचलला, वास घेतला आणि तोंडात टाकला. कच्ची डाळ आणि त्यात मिरची. डोळ्यांत पाणी आलं तरी त्यांनी तो गिळला. मग कठड्याला धरून ते इतके हसले की मॅडम खालून धावत आल्या. मॅडम काही हसल्या नाहीत. त्या सांडगे काढायला सांगणार एवढ्यात बाबांनी हात आडवा केला. सांडगे वाळेपर्यंत तीन दिवस ते रोज वर येऊन मला उलटायला मदत करत होते.

संध्याकाळी ह्यांनी मला सांगितलं, "अगं, त्या फळ्यांवर उभं राहून हा माणूस शर्यतीत पळलाय. आणि तू त्यांच्यावर सांडगे घातलेस."

मला दोन दिवस त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. पण बाबांची आणि आमची ओळख झाली ती त्या सांडग्यांनीच. दुपारी मॅडम झोपल्या की ते स्वयंपाकघरात येऊन बसायचे. त्यांचं वय सत्तरीच्या पुढचं, तोंडावर उन्हानं पडलेल्या सुरकुत्या, हात आमच्या गावच्या सुताराचे असावेत तसे. मी लसूण सोलायला घेतला की तेही सोलायचे. आमचे हे गाडी धुवून आले की मग बाबांच्या गोष्टी सुरू व्हायच्या. तरुणपणी इंग्रज लोकांना डोंगरावर नेता नेता ते इंग्रजी शिकले होते. त्यांची इंग्रजी ह्यांना कळायची आणि ह्यांची मराठी मला. मध्ये काय गाळलं, काय घुसडलं, ते देव जाणे.

त्यांचं गाव दोन डोंगरांच्या मधल्या घळीत. हिवाळ्यात दोन महिने गावात ऊनच येत नाही. ज्या दिवशी ते परत चर्चच्या भिंतीवर पडतं त्या दिवशी सगळं गाव बाहेर येऊन उभं राहतं. मला हे ऐकून हसू आलं. इथं आम्ही उन्हापासून पळत होतो. त्यांचे वडील वाटाडे होते. दूरदूरची माणसं डोंगर चढायला यायची आणि गावातले वाटाडे त्यांना दोराला बांधून शिखरावर नेऊन आणायचे. बाबाही तेच शिकले. पहिल्या फळ्या त्यांना गावच्या सुतारानं करून दिल्या. टोक वर वळवायचं तर लाकूड वाफवावं लागतं, म्हणून त्यांनी त्या आईच्या कपडे उकळायच्या हंड्यात घातल्या. आईनं पुढचा महिनाभर कपड्यांना लाकडाचा वास येतो म्हणून तोंड सोडलं.

शर्यती तेव्हा नवीनच निघाल्या होत्या. वर न्यायला कसलं यंत्र नव्हतं. फळ्या खांद्यावर टाकून अर्धा दिवस चालत वर जायचं आणि काही मिनिटांत खाली यायचं. मी ह्यांना म्हटलं, विचारा, एवढ्यासाठी अर्धा दिवस? बाबांनी ते ऐकून मलाच उलट विचारलं की सांडग्यांना किती दिवस लागले आणि खायला किती वेळ लागतो. मी पुढचा लसूण सोलायला घेतला.

एका शर्यतीत त्यांचा दुसरा नंबर आला. पहिल्याला चांदीचा पेला मिळाला आणि बाबांना भिंतीवरचं घड्याळ. ते पाठीवर बांधून ते डोंगर ओलांडून घरी आले. प्रत्येक वळणाला पाठीवर घड्याळाचा टोला पडत होता. पेल्याचं काय करायचं, त्यांच्या गावात पिणारे सगळे बाटलीनंच प्यायचे, असं ते म्हणाले. निदान आमच्या ह्यांनी तरी तसं सांगितलं.

मग त्यांनी माझ्या माहेरचं विचारलं. माझं माहेर जावळीच्या खोऱ्यात, कड्यांच्या पायथ्याला. माझे वडील कड्यावरचा मध काढायचे. कमरेला दोर बांधून वरून खाली उतरायचं, एका हातात धुराची पेंडी, दुसऱ्या हातात विळा. वर दोर धरायला नेहमी बायकोचा भाऊ लागायचा. सख्ख्या भावाच्या हातात दोर देत नाहीत, वाटणीची भानगड असते. मेव्हणा मात्र दोर सोडणार नाही, कारण बहिणीचं कुंकू त्या दोराला लटकलेलं असतं. माझ्या मामानं आयुष्यभर माझ्या वडिलांचा दोर धरला आणि आयुष्यभर भांडणही केलं, पण खाली आल्यावर.

हे ऐकून बाबा हातातला लसूण ठेवून सरळ बसले. त्यांच्याकडे उलटं होतं. एका घरातली दोन माणसं एका दोराला बांधायची नाहीत. दोर गेला तर घरातलं एक तरी मागं राहिलं पाहिजे. त्यांचा थोरला भाऊ एका हिवाळ्यात डोंगरावरच राहिला, परत आला नाही. त्या दिवशी त्यांनाही त्याच दोरावर जायचं होतं, वडिलांनी जाऊ दिलं नाही. एवढं सांगून ते उठले आणि सोललेला लसूण त्यांनी स्वतःच धुवून ठेवला.

जानेवारी संपत आला तेव्हा आम्हाला कळलं की त्यांनी त्या फळ्या कशासाठी आणल्या होत्या.

त्यांच्या कोटाच्या खिशात एक फोटो असायचा. आदल्या वर्षी मॅडमनीच पत्रातून पाठवलेला, उम्म सईदच्या पलीकडच्या वाळूच्या डोंगराचा. वाऱ्याच्या आडोशाच्या अंगाला तो डोंगर भिंतीसारखा उतरता असतो. बाबांनी फोटोवर नखानं वरपासून खालपर्यंत नागमोडी रेघ ओढून ठेवली होती. मार्चमध्ये ते परत जाणार होते, पण आपल्या गावी नाही. गावचं घर विकलं होतं. पुढं त्यांना मुलाकडे राहायचं होतं, सपाटीवरच्या एका शहरात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरनं उतारावर पाय ठेवायचा नाही असं सांगितलं होतं. मॅडम त्या डॉक्टरच्या शब्दाला धरून होत्या. त्यांचंही चुकत नव्हतं. बाबांना फक्त एकदा, फळ्या घालून, एका उतारावरून खाली यायचं होतं. दोनदा त्यांनी जेवणाच्या टेबलावर विषय काढला, दोन्ही वेळा मॅडम उठून आत गेल्या. नंतर त्यांनी विषय काढणं सोडलं आणि स्वयंपाकघरात येणंही कमी केलं. गच्चीवर खुर्ची टाकून दक्षिणेकडे तोंड करून बसायचे. तिकडे बघायला काही नव्हतं, पाण्याची टाकी आणि अर्धवट बांधलेला बंगला.

फेब्रुवारीत साहेब-मॅडम चार दिवसांसाठी बहारीनला गेले. जाताना मॅडमनी ह्यांना बजावलं की बाबांना सूकच्या बाजारापर्यंत न्यायचं, समुद्रावर न्यायचं, पण वाळूकडे नाही. ह्यांनी मला ते समजावून सांगितलं, आणि मीही मान हलवली.

त्यांना विमानतळावर न्यायला आलेली गाडी गेली तशी बाबा खाली आले. फोटो टेबलावर ठेवला. ह्यांना म्हणाले, तू फक्त गाडी चालव. ह्यांनी हात जोडले. आमची दोघांची नोकरी एकाच घरात, व्हिसा साहेबांच्या हातात. बाबांना पडून काही झालं असतं तर आम्ही आठवड्यात गावी असतो. हे सगळं ह्यांनी त्यांना नीट सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, फोटो खिशात घातला आणि जिना चढायला लागले.

माझ्या वडिलांना शेवटी माझ्या भावांनी कड्यावर जाऊ दिलं नव्हतं. हात थरथरतात म्हणाले, आणि खरंच थरथरत होते. ते उंबऱ्यावर बसून कड्याकडे बघायचे आणि कुठलं पोळं कधी पिकलं ते तिथून सांगायचे. त्यांना एकदा कड्याच्या वरच्या टोकापर्यंत तरी नेऊन आणा, असं मला म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. मी तेव्हाही बोलत नव्हते.

मी ह्यांना म्हटलं, "नेऊ या त्यांना."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मी येते बरोबर."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मी कुठं जायचं ते कधी ठरवलं नव्हतं. ह्यांनी गाडीची किल्ली खिशातून काढली, परत आत घातली. मग म्हणाले की पडला म्हातारा तर मॅडमना तू सांगायचंस, मी नाही. मी हो म्हटलं. या खेपेला कशाला हो म्हटलं ते मला माहीत होतं.

पण आधी फळ्या वाळूवर घसरायला हव्या होत्या. शेजारच्या बांधकामावर वाळूचा ढीग होता. तिथं बाबा सबंध दुपार फळी घासत होते. पहिल्यांदा सूक वाकिफमधून मेणबत्त्या आणल्या, त्या वितळवून लावल्या. फळी दोन हात गेली आणि रुतली. साबण लावला, तर वाळू चिकटून फळीची किसणी झाली. तिथला पठाण राखणदार विटांवर बसून बघत होता. त्यानं ह्यांना विचारलं, या बुढ्याचं काय हरवलंय? शेवटी ह्यांनाच सुचलं. शुक्रवारी ड्रायव्हर लोक आमच्या खोलीत कॅरम खेळायचे, त्याची पावडर होती. मेणाच्या वर ती पावडर कोरड्या फडक्यानं घोटली. फळी ढिगावरून सुटली ती थेट राखणदाराच्या पायापाशी जाऊन थांबली. बाबांनी ह्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की ह्यांचा तोल गेला. त्या शुक्रवारी कॅरम झालं नाही, पावडरचे दोन्ही डबे आम्हीच संपवले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. दवानं वाळू दबलेली असते तोवर चढून व्हायला हवं होतं. रस्ता संपला तिथं ह्यांनी चाकांतली हवा कमी केली आणि गाडी वाळूत घातली. तो डोंगर फोटोत दिसला त्याहून मोठा होता. आमच्या कड्यांपुढं काहीच नाही, पण तिथं त्या सपाट मुलखात तो एकटाच उभा होता, म्हणून फार उंच वाटत होता.

बाबांनी पिशवीतून दोर काढला. मला वाटलं होतं की मी खाली गाडीपाशी थांबून बघेन. पण ते माझ्यापाशी आले आणि दोर माझ्या कमरेला बांधायला लागले. मी मागं सरले. हेही पुढं आले आणि म्हणाले की मी जातो. बाबांनी मान हलवली. दोघांपैकी एकानंच यायचं, एका घरातली दोन माणसं एका दोरावर नाहीत. आणि दोघांपैकी त्यांना मीच हवी होते, कारण न्यायचं मी ठरवलं होतं.

आमच्याकडे दोर कुणाच्या हातात द्यायचा त्याचे नियम होते, पण ते सगळे पुरुषांचे. बाईला कधी कुणी दोर बांधलाच नव्हता, म्हणून बाईसाठी नियमही नव्हता. मी पदर खोचला आणि उभी राहिले.

ते पुढं, मी मागं. फळ्या त्यांच्या खांद्यावर, दोर आमच्या दोघांच्या मध्ये. कडेकडेनं, डोंगराच्या धारेवरून चढत होतो. त्यांच्या पावलात पाऊल ठेवायचं. जिन्यावरून उतरताना मी त्यांना नेहमी 'हळू' म्हणायची, तो शब्द त्यांनी उचलला होता. आता तेच मला म्हणत होते. मला वाटलं, हे असं चालले तर दुपार होईल. पण मध्ये एकदाही न थांबता आम्ही वर पोचलो आणि मला धाप लागली नव्हती. मग कळलं, ते माझ्या श्वासावर चालत होते.

वरून एका बाजूला समुद्र दिसत होता आणि खाली आमची गाडी डबीएवढी. गाडीपाशी आणखी कुणी तरी आलेलं होतं. एक अरब दोन उंट घेऊन थांबला होता आणि मान वर करून बघत होता. नंतर ह्यांनी सांगितलं की त्यानं विचारलं, या फळ्या कुठल्या होडीच्या आहेत?

बाबांनी बूट आवळले, फळ्या वाळूत उभ्या रोवल्या आणि मला हातानं दाखवलं, तू उतर.

मी म्हटलं, तुम्ही. त्यांनी नाही म्हटलं. मी परत म्हटलं, तुम्ही, आणि खाली बोट दाखवलं. ते वाळूत बसले. मला आठवलं, त्यांनी सांगितलं होतं की चढताना वाटाड्या पुढं असतो आणि उतरताना मागं, कारण वरच्यालाच खालच्याला धरता येतं. सबंध आयुष्यात ते कधी माणसाच्या आधी खाली आले नव्हते. मी हे विसरले होते. मी उतरले नाही तर तेही उतरणार नव्हते. वाट बघत तिथंच बसले असते आणि मग जसे चढलो तसे फळ्या खांद्यावर घेऊन मागच्या बाजूनं चालत आले असते.

मला उताराची भीती नव्हती. मला त्या खालच्या माणसाची लाज वाटत होती. परक्या पुरुषासमोर, डोंगरावरून, साडीत. मी बाबांकडे बघितलं तर त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते माझ्या पायाखालची वाळू बघत होते आणि हातात दोर नीट सोडवून घेत होते.

भातलावणीला घालतात तसा मी काष्टा घातला आणि पाऊल टाकलं. वाळू पोटरीपर्यंत आली. दुसरं पाऊल टाकलं, तिसरं, आणि मग सगळी वाळूच माझ्याबरोबर खाली निघाली. मी बसले ते घसरायलाच लागले. कमरेला दोर ताणला होता, हळूहळू सुटत होता. भीती वाटावी इतका सैल नव्हता आणि अडावं इतका घट्टही नव्हता. मध्येच वाळूतून ढोल घुमावा तसा आवाज यायला लागला. मी ओरडले. मग मला कळलं की मी ओरडत नाहीये, हसतेय. खाली पोचले तेव्हा माझ्या कानात, केसांत, दातांत वाळू होती. त्या अरबानं नजर दुसरीकडे वळवली होती. भला माणूस असावा.

मी दोर सोडला. वर बाबांनी तो गुंडाळून खांद्यावर घातला, फळ्या पायात अडकवल्या आणि काठावर उभे राहिले. हे माझ्या शेजारी पुटपुटत होते, देवा, गुडघा सांभाळ.

ते निघाले. पहिल्यांदा सरळ, आणि मग एक पाय पुढं टाकून दुसरा गुडघा इतका खाली वाकवला की मला वाटलं, गेले. पण ते वळण होतं. वाळूचा एक लांब फवारा उडाला. मग दुसऱ्या बाजूला तसंच. दोन्ही हात पसरलेले, पाठ ताठ, जिना उतरताना कठडा धरणारा माणूस तो नव्हेच. तिसरं वळण. चौथं. पाचव्याला फळी रुतली आणि ते बसले. बसल्या बसल्या शेवटचा उतार घसरत आमच्या पायापाशी आले.

आम्ही धावलो. हे त्यांचा गुडघा चाचपत होते. बाबांनी त्यांचा हात बाजूला केला आणि स्वतः उठून उभे राहिले.  वर वळून आपल्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले. वाऱ्यानं ती पुसायला सुरुवात केली होती.

गाडीत बसल्यावर त्यांनी पिशवीतून एक जुनी, चामड्याच्या बांधणीची वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. हे वाटाड्याचं पुस्तक, असं ह्यांनी विचारून सांगितलं. ज्याला डोंगरावर नेऊन आणलं त्यानं त्यात लिहायचं, वाटाड्यानं कसं नेलं ते. किती तरी हस्ताक्षरं होती, सगळी इंग्रजी नाहीतर त्यांची. त्यात खोटं लिहायचं नसतं. एकानं खोटी स्तुती लिहिली तर पुढचा त्या भरवशावर जीव दोराला बांधतो.

मी हात मागं घेतले. माझं अक्षर चौथीतलं. गावी पत्रं हेच लिहायचे. पण बाबांनी पेनचं टोपण काढून माझ्यापुढं धरलं आणि ह्यांना म्हणाले, तिला सांग, हे काम झाल्याशिवाय चढाई संपत नाही. उम्म सईदपर्यंत मी पेन धरून बसले होते. मग तिथं गाडी थांबवायला लावली आणि लिहिलं.

मॅडम आल्या त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही. फळ्या पुसून वरच्या खोलीत होत्या. पण बाबांच्या पोटात काही राहीना. रात्री जेवताना त्यांनी ती वही शेवटचं पान उघडून मॅडमच्या ताटाशेजारी ठेवली. मी भात वाढत होते. मॅडमनी त्या पानाकडे बघितलं, मग बापाकडे, मग माझ्याकडे. ती अक्षरं त्या घरात कुणाची असणार, हे विचारायची गरज नव्हती.

त्यांनी ह्यांना आत बोलावलं. चेहरा लाल झाला होता. मग वही माझ्यापुढं सरकवून त्या म्हणाल्या, वाच.

वाचायला मलाच सांगितलं होतं. मी काहीही वाचलं असतं तरी कुणाला कळलं नसतं, ह्यांच्याशिवाय. पण लिहिलं होतं तेच वाचलं.

"बाबांनी मला वर नेलं आणि सुखरूप खाली आणलं. मी खाली पोचेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. दोर चांगला धरला. मग ते फळ्यांवरून आले. चार वळणं घेतली. पाचव्याला पडले. लागलं नाही."

ह्यांनी इंग्रजीत सांगितलं. मला इंग्रजी येत नसली तरी आकडे येत होते. फोर ऐकू आलं. फाइव्ह आलंच नाही. तिथंच ह्यांनी संपवलं.

मी म्हटलं, "पाचवं राहिलं."

"अगं, गप."

"ते पुस्तक आहे त्यांचं. पाचवंही सांगा."

 मग मीच मॅडमना पाच बोटं दाखवली आणि मटकन खुर्चीवर बसून दाखवलं. त्या घरातल्या टेबलाशी मी तोवर कधी बसले नव्हते. लगेच उठले.

 मला वाटलं, झालं, आता गाठोडं बांधायचं. तेवढ्यात बाबा त्यांच्या भाषेत तावातावानं बोलायला लागले, बोटानं टेबलावर रेघा काढत. हे हळूच मला म्हणाले, म्हातारा म्हणतोय की पाचवंही वळणच होतं, मी पडलो नाही, बसलो. मॅडमनी हातातला काटा खाली ठेवला. तोंडावर हात धरला. आधी वाटलं, रडतात, पण त्या हसत होत्या. नंतर त्यांनी ह्यांना सांगितलं की लहानपणापासून त्या हेच ऐकत आल्या आहेत. हा माणूस कधीच पडत नाही, बसतो.

आम्हाला बोलणी बसली, ती सकाळी, आणि चांगली बसली. न विचारता गाडी काढली म्हणून ह्यांना, आणि मलाही. नोकरी राहिली. वही मॅडमनी त्या रात्री आपल्या खोलीत नेली होती. दिवा बराच वेळ जळत होता असं बाबा म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी मॅडमनी स्वतः गाडी काढली. ह्यांना सुट्टी दिली, पण मला घेतलं, आणि मेणबत्त्या व नवी आणलेली पावडरही घेतली. खाली मी थांबले. बापलेक एका घरातली, मग दोराचं काय करतात ते मला बघायचं होतं. त्यांनी दोर घेतलाच नाही. बाबा पुढं, मॅडम त्यांच्या पावलात पाऊल टाकत. वर पोचल्यावर मॅडमनी बापाला हात केला, तुम्ही आधी. बाबा वाळूत बसले. मुलगी असली म्हणून काय झालं. मॅडमनी बरंच सांगून बघितलं, मग त्याही माझ्यासारख्याच बसून घसरत खाली आल्या, मॅडमचा चष्मा एकीकडे आणि बूट एकीकडे.

बाबांनी त्या दिवशी सहा वळणं घेतली. मी मोजली. खाली आल्यावर त्यांनी पिशवीतून वही काढली आणि मुलीच्या हातात दिली. मॅडम गाडीच्या सावलीत वाळूवर बसल्या, पेन हातात धरून, आणि बराच वेळ त्यांना काही सुचेना. मी आणि बाबांनी थर्मासमधला चहा पिऊन घेतला.